आईला सगळीकडे देव दिसायचा, मला का दिसत नाही?

एका ताईंचं मोठं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. वय चाळीशीच्या पुढे, नोकरी, घर, नऊ वर्षांचा एक मुलगा. श्रद्धाळू घरात वाढल्या, आजही रोज न चुकता प्रार्थना करतात. त्यांची आई दीड वर्षापूर्वी गेली. पाऊस थांबल्यावर पानावर राहिलेला थेंब दिसला तरी आई "बघ गं, काय केलंय त्याने" म्हणायची, आणि कुणी अनोळखी माणसाने दार धरून ठेवलं तरी दिवसभर त्याचं कौतुक करत राहायची. आई गेल्यावर यांनी ठरवलं की आपणही तसंच बघायचं, पण जमत नाहीये. सूर्यास्त बघायला मुद्दाम उभ्या राहतात आणि डोक्यात उद्याची कामं चालू. फोनवर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सुरुवात केली, पंधरा दिवसांत त्याच त्याच गोष्टी यायला लागल्या म्हणून सोडून दिलं. नवरा देव मानत नाही, तो म्हणतो आकाशाचा रंग म्हणजे प्रकाशाचं विखुरणं, त्यात देव कशाला आणायचा. शिवाय बातम्यांमध्ये रोज युद्ध आणि मेलेली लेकरं, आणि आपण थेंब बघून खूश व्हायचं याचं त्यांना अपराधी वाटतं. मागच्या महिन्यात मुलाने विचारलं, "आजीला दिसायचा तसा तुला देव दिसतो का?" त्या पटकन "हो" म्हणाल्या आणि तेव्हापासून झोप धड लागत नाहीये. त्या विचारतात, माझी श्रद्धा खोटी आहे का, आणि आईची ती नजर येते कुठून?

प्रिय ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. नवऱ्याबद्दल लिहिताना तुम्ही मध्येच कंसात लिहिलंय की तो वाईट नाही हो, मी रोज फोन चार्जिंगला लावायला विसरते आणि तो न सांगता लावून ठेवतो, सकाळी फोन भरलेला असतो. मग लगेच कंस बंद करून तुम्ही परत तुमच्या मूळ दुःखावर गेलात, की मला काहीच दिसत नाही. ताई, हे दिसलं ना तुम्हाला. तुमच्या आईने हे बघितलं असतं तर तिने ते कंसात ठेवलं नसतं, एवढाच फरक मला दिसतोय, आणि तो फरक श्रद्धा खरी की खोटी असा नाहीये.

पण सगळ्यात आधी एक साधी गोष्ट विचारते. झोप लागत नाही असं म्हणालात. आधी ज्यात मन रमायचं त्या कशातच रमत नाही, जवळजवळ रोजच असं वाटतं आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं असतं. हे सगळ्याच वाचकांना सांगते, कारण श्रद्धाळू माणसं इथे फार उशीर करतात. आनंद वाटत नाही म्हणजे माझी प्रार्थनाच कमी पडतेय असं समजून स्वतःला अजून कामाला लावतात. डोळ्यात मोतीबिंदू झालेल्या माणसाला आपण श्रद्धा वाढव म्हणजे दिसेल असं सांगत नाही ना, तसंच हे. प्रार्थना सोडू नका, पण डॉक्टरांची जागा तिला देऊ नका.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय, की श्रद्धा खरी असेल तर सुंदर गोष्ट दिसल्यावर आतून आपोआप काहीतरी उचंबळून यायला पाहिजे, आणि ते येत नाही म्हणजे श्रद्धेतच खोट आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला वाटतं कुणीच नाही, तुम्ही आईकडे बघून तसं धरून चाललात. आई तुम्हाला शेवटच्या काही वर्षांतली आठवतेय, पिकलेली, आणि तिची तुलना तुम्ही आत्ताच्या स्वतःशी करताय, नोकरी करणाऱ्या, मूल वाढवणाऱ्या आणि वर आई गमावलेल्या बाईशी. तुमच्या वयाची असताना तिला काय दिसत होतं ते तुम्हाला तरी कुठे माहितीय.

गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन नेमकं तुमचंच विचारतो. तुला कसं ओळखू, कुठल्या कुठल्या रूपात तुझं चिंतन करू. आणि हे तो विचारतोय कुणाला, तर त्याच्याच रथावर समोर बसलेल्या कृष्णाला! इतकं जवळ असूनही त्याला विचारावं लागलं, आणि या विचारण्यावर कृष्ण रागावत नाही, तुझी श्रद्धा कच्ची आहे म्हणत नाही. तो सरळ सांगायला लागतो की ज्योतींमध्ये सूर्य मी, झाडांमध्ये पिंपळ मी, ऋतूंमध्ये वसंत मी, सजीवांमधली चेतना मी. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की उत्तर म्हणून व्याख्या मिळत नाही, एकेक गोष्ट दाखवली जाते. हे बघ, ते बघ. म्हणजे तुमची आई करायची तेच.

आणि इथे मला तुमच्या आईच्या त्या दोन शब्दांबद्दल बोलायचंय, "बघ गं". तुम्ही पत्रात सगळा भर तिच्या नजरेवर दिलाय, तिला दिसायचं, मला दिसत नाही. पण ती नुसती बघत नव्हती, ती सांगत होती. तिला थेंब दिसला की दोघांना सांगावंसं वाटायचं, एक तुम्हाला आणि एक ज्याने केलं त्याला. तो थेंब सांगितल्यावर तिच्यासाठी पूर्ण व्हायचा. आता ती गेल्यावर तुम्ही एकट्या उभ्या राहून सूर्यास्त बघताय आणि काही होत नाही, तर कदाचित सूर्यास्त दिसत नाहीये असं नसेलच, जिला दाखवायचा ती बाजूला नाहीये. ते दुःख आहे ताई. दीड वर्ष म्हणजे काही फार नाही. त्याला श्रद्धेची परीक्षा करू नका.

नवऱ्याचं म्हणाल तर तो बरोबर बोलतोय. संध्याकाळी सूर्य खाली असतो तेव्हा त्याच्या प्रकाशाला हवेतून खूप लांबून यावं लागतं, वाटेत निळा रंग विखरून जातो आणि आपल्यापर्यंत तांबडा नारिंगी पोचतो. आकाश निळं का दिसतं हे लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडलं. हाच माणूस पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा प्रमुख झाला, आणि त्या प्रयोगशाळेच्या जुन्या इमारतीच्या दारावर बायबलमधल्या स्तोत्राची ओळ लॅटिनमध्ये कोरलेली आहे, अर्थ असा की परमेश्वराची कामं थोर आहेत, ज्यांना त्यात आनंद वाटतो ते त्यांचा शोध घेतात. विखुरणं समजावून सांगणारा माणूस त्या दारातून आत जायचा. तेव्हा कसं झालं हे कळलं की कुणी केलं हा प्रश्न पुसला जातो, असं काही नाहीये. तसा तो सिद्धही होत नाही, हेही मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. सूर्यास्त दाखवून नवऱ्याला पटवायला जाऊ नका, पुरावा म्हणून बघायला लागलं की बघणं संपतं आणि वाद सुरू होतो. तुम्हा दोघांना रंग तोच दिसतोय, पण तो बघून थँक्यू म्हणायला तुमच्याकडे कुणीतरी आहे. श्रद्धेने मिळतं ते हे, असं मला मनापासून वाटतं. एकदा त्याच्या शेजारी उभं राहून विखुरणं नीट समजून घ्या, त्याला सांगू दे. तोही त्या रंगाजवळ थांबतोच आहे ना.

आता डोक्यात कामं चालू असतात त्याबद्दल. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९९९ मधला एक प्रयोग खूप प्रसिद्ध आहे. लोकांना एक छोटा व्हिडिओ दाखवला, त्यात काही जण बॉल पास करतायत, आणि सांगितलं की पांढऱ्या शर्टवाल्यांचे पास मोजा. मध्येच गोरिलाचा वेश घातलेलं एक माणूस बरोबर मधोमध येतं, छाती बडवतं आणि निघून जातं. साधारण निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. डोळे उघडे होते, तिकडेच होते, पण मन मोजण्यात गुंतलं होतं. आपलंही दिवसभर मोजणंच चालू असतं, किती वाजले, काय राहिलं, उद्या काय. समोर सूर्यास्त असला तरी मोजणं थांबत नाही, म्हणून "सूर्यास्ताला भारावून जायचं" हे अजून एक काम यादीत टाकून उपयोग होत नाही.

मग काय करायचं? मी काही गोष्टी सुचवते, सगळ्या करू नका, एखादी घ्या.

पहिलं म्हणजे ती रोजची तीन गोष्टींची यादी बंद केलीत ते चांगलंच झालं. २००३ मध्ये एमन्स आणि मॅकलॉ या संशोधकांनी काही लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या, आणि रोजच्या कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. हा अभ्यास खूप ठिकाणी सांगितला जातो पण त्यातलं "आठवड्यातून एकदा" हे बऱ्याचदा सांगायचं राहून जातं. नंतरच्या एका अभ्यासात तर आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला नाही, एकदा लिहिणाऱ्यांना दिसला. म्हणजे पंधरा दिवसांत कोरडं पडणाऱ्या तुम्ही काही वेगळ्या नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवा, एकच गोष्ट घ्या, पण ती पूर्ण लिहा. "नवरा मदत करतो" असं नाही, कुठल्या रात्री, प्लग कुठे आहे, त्याला त्यासाठी वाकावं लागतं का, तो झोपायला जाता जाता हे करतो की उठून येऊन करतो, आणि तुम्ही त्याला कधी बोलून दाखवलंय का. आणि हे सगळं वहीत नोंद केल्यासारखं न लिहिता देवाला सांगितल्यासारखं लिहा, तू हे बघितलंस का, असं. आईला फोनवर सांगायचात तसं. सुरुवातीला विचित्र वाटेल, वाटू दे.

दुसरं, जागच्या जागी भारावून जायची सक्ती सोडा आणि मागे वळून बघा. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला नावाच्या ख्रिस्ती संताने दिवसाकडे मागे वळून बघायची एक प्रार्थना शिकवली, जेझुइट धर्मगुरू ती आजही करतात. शांत बसायचं, आधी आभार मानायचे आणि मग दिवस सकाळपासून पुन्हा एकदा डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा. याला तुमचा धर्म कुठला हे आड येत नाही. मला स्वतःला याचा फार उपयोग झाला कारण मला त्या त्या वेळी काहीच जाणवत नाही, घाईत असते. रात्री आठवतं की अरे, आज लिफ्टमध्ये एक आजोबा सगळ्यांना आधी बाहेर पडू देत होते आणि त्यात त्यांचाच मजला निघून गेला. ते मी बघितलं होतं, पण मला ते दिसलं रात्री.

तिसरं सगळ्यात साधं आणि मला सगळ्यात जवळचं. आपण सुंदर म्हटलं की आकाश, फुलं, समुद्र इकडेच बघतो. यहुदी परंपरेत दिवसाला शंभर आशीर्वचनं म्हणावीत असं सांगितलंय, इंद्रधनुष्य दिसलं तर वेगळं, मेघगर्जना ऐकली तर वेगळं, आणि त्यातच एक आहे शौचाला जाऊन आल्यावर म्हणायचं. त्यात देवाला म्हणतात की तू शरीरात जी छिद्रं आणि पोकळ्या केल्यास त्यातलं एक जरी बंद पडलं किंवा फुटलं तर आम्ही तुझ्यापुढे उभंही राहू शकणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझे वडील आठवले. ते हॉस्पिटलमध्ये होते, ऑपरेशननंतर त्यांना लघवी होत नव्हती, आणि ज्या रात्री झाली त्या रात्री मी आणि माझा भाऊ कॉरिडॉरमध्ये एकमेकांना मिठी मारून रडलो. इतकी सुंदर गोष्ट मी त्या वर्षी दुसरी बघितली नाही. त्याच वॉर्डात रात्री फरशी पुसायला एक बाई यायच्या, आमच्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत, पण पुसून झालं की प्रत्येक पेशंटच्या चपला कॉटखाली अशा ठेवायच्या की उठल्या उठल्या पाय बरोबर त्यातच पडावेत. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी हे चौथ्या रात्री बघितलं. पहिल्या तीन रात्रीही त्या ठेवतच असणार, मी बघत नव्हते एवढंच. पाचव्या रात्री मी त्यांना "तुम्ही चपला ठेवता ते मी बघितलं" असं म्हटलं, त्या नुसत्या हसल्या. चांगुलपणाचा आवाज होत नाही ताई, बिघडलेलं यंत्र आवाज करतं, चालणारं करत नाही. म्हणून तो शोधायला जावं लागतं, आणि सापडला की त्या माणसाला तसं तोंडावर सांगावं. नुसतं देवाला थँक्यू म्हणून हात झटकू नयेत, ज्याच्या हातून झालं त्यालाही सांगावं. तुम्ही सुरुवात त्या चार्जरपासून करा.

आता युद्ध, मेलेली लेकरं आणि तुमचं अपराधी वाटणं. यावर मी घाईघाईने काही बोलणार नाही, कारण जगात इतकं दुःख का आहे याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे पटकन असतं त्यांची मला भीती वाटते. पण मला असं वाटतं की तुम्हाला ती बातमी बघून इतकं तुटायला होतं, कारण मूल ही किती सुंदर गोष्ट आहे हे तुम्हाला आतून माहितीय. ज्याला सुंदर दिसतच नाही त्याला ते मोडल्याचंही काही वाटणार नाही. म्हणजे थेंब बघणारी तुम्ही आणि बातमी बघून रडणारी तुम्ही, या दोन वेगळ्या बाया नाहीत. बायबलच्या ज्या स्तोत्रांमधली ती दारावरची ओळ आहे, त्याच स्तोत्रांमध्ये देवाला "किती दिवस असा लपून राहणार आहेस" असं थेट विचारणारी, भांडणारी स्तोत्रं भरपूर आहेत. कौतुक आणि तक्रार एकाच पुस्तकात, एकाच देवाला. तुम्हीही दोन्ही बोला. प्रार्थनेत नुसतं गोडगोड बोलत असाल तर कदाचित म्हणूनच ती तुम्हाला खोटी वाटत असेल.

दोन गोष्टी मात्र नक्की टाळा, हे बाकीच्या वाचकांनाही सांगते. दुःखात असलेल्या माणसाला "यातही काहीतरी चांगलं असेल, देव करतो ते भल्यासाठी" असं कधी म्हणू नका. त्याला स्वतःला पुढेमागे तसं वाटलं तर तो त्याचा अधिकार, आपला नाही. आणि अन्यायाला सुंदर म्हणू नका. घरात कुणी त्रास देत असेल, मारत असेल, तर त्याच्यातला चांगुलपणा शोधत बसणं म्हणजे श्रद्धा नाही, तिथून बाहेर पडायला मदत मागायची. बातम्यांचं म्हणाल तर दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी बघा आणि झोपायच्या आधी तर नकोच. बघितलेल्या एखाद्या गोष्टीसाठी आपल्या हातून जे होईल ते करा, थोडे पैसे, एखादी सही, शेजारच्या एकट्या माणसाची चौकशी, काहीही.

आणि मुलगा. तुम्ही "हो" म्हणालात त्याला मी खोटं म्हणणार नाही, आईची बाजू राखायला म्हणालात. पण तुमची झोप त्या "हो" वर अडकलीय तर ते सोडवा. त्याला सांगा, "मी तेव्हा घाईत हो म्हणाले, आजीला दिसायचं तसं मला अजून दिसत नाही, मी शिकतेय, आणि मला आजीची फार आठवण येते." नऊ वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं, आणि मोठी माणसंही अजून शोधतायत हे ऐकून त्याचा धीर सुटणार नाही. मग त्याला विचारा की आज तू काय बघितलंस, मला दाखव. तो बहुतेक मुंग्यांची रांग दाखवेल नाहीतर एखादा मेलेला किडा, किंवा भिंतीवरचा ओलीचा डाग ज्यात त्याला जिराफ दिसतो. त्यावर लगेच "बघ देवाने काय केलंय" असं चिकटवू नका, वाटलं तर ते तुमचं तुम्ही मनात म्हणा. त्याच्या शेजारी खाली बसा, त्याच्या उंचीवर, आणि तो आपणहून उठेपर्यंत तुम्ही उठू नका.